अकरा पिना आणि एक ढिलं कडं

मित्रांनो, मी लेथ आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझा मूळ रंग हिरवा होता की करडा, यावर आता माझे मालकसुद्धा पैज लावणार नाहीत. दारव्ह्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका टिनाच्या शेडमध्ये मी राहतो. कुठे जात नाही. माझं वजन पाहता ते सगळ्यांच्याच सोयीचं आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी लेथ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंडाचा दांडा माझ्या जबड्यात घट्ट धरतात. मोटार सुरू केली की तो गरगर फिरतो आणि समोरून एक धारदार हत्यार त्याची साल काढत येतं, बटाट्याची काढतात तशी. फरक इतकाच, की बटाटा थोडा जास्त सोलला गेला तरी भाजी होते. दांडा जास्त सोलला गेला तर भंगार होतं. काढलेलं लोखंड परत चिकटत नाही. हे काम करणाऱ्या माणसाला टर्नर म्हणतात.

माझा जन्म पंजाबात, बटाल्यात झाला. तिथून ट्रकमध्ये बसून मी अमरावतीला आलो आणि अमरावतीहून दारव्ह्याला. मला शेडमध्ये उतरवायला आठ माणसं, चार पहारी आणि एक बिनकामाचा सल्लागार लागला. सल्लागाराचं नाव मला आठवतं, पण तो आता मोठा माणूस झाला आहे, तेव्हा राहू द्या.

माझे मालक इकबाल मिस्त्री. तेव्हा ते तरुण होते, खांदे रुंद आणि मिशी बारीक. आता मिशी जाड आणि खांदा एकच राहिला आहे, पण ते पुढे येईल. आम्ही दोघांनी मिळून या तालुक्याचं किती लोखंड सोललं त्याला मोजदाद नाही. ट्रॉलीच्या पिना, थ्रेशरचे शाफ्ट, पिठाच्या गिरणीचे रोलर, मोटरपंपांचे बुश. कापूस निघाला की जिनिंगवाले रांगेत असत. दसऱ्याला गिऱ्हाईक मला झेंडूची माळ घालत आणि मालक ती मोटारीच्या पट्ट्यात अडकू नये म्हणून लगेच काढून घेत. माल चांगला झाला की लोक म्हणत, "मिस्त्री, हात आहे का काय आहे तुमचा!" हाताची तारीफ मी तीस-बत्तीस वर्षं ऐकली. लेथची एकदाही नाही. पण तक्रार करायचा माझा स्वभाव नाही, आणि मला तोंडही नाही.

दोन वर्षांपूर्वी मालकांचा उजवा खांदा जाम झाला. डॉक्टर म्हणाले, आता जड काम बंद. मालकांनी डॉक्टरांना विचारलं, मग हलकं लोखंड कुठे मिळतं. डॉक्टर हसले नाहीत. मालकांनी मग पत्र्याचा एक बोर्ड रंगवून घेतला आणि शेडच्या दारावर ठोकला. 'अनुभवी टर्नर पाहिजे.'

आता गंमत पाहा. आमच्या शेडपासून वीस पावलांवर चहाची टपरी आहे. सकाळी दहाला तिथे माझे मालक, वेल्डिंगवाले आणि मोटर-वाइंडिंगवाले बसतात आणि म्हणतात, "कामाले पोट्टे भेटत नाई." साडेदहाला ते उठतात. मग त्याच बाकावर आयटीआय केलेली मुलं येऊन बसतात आणि म्हणतात, "काम भेटत नाई." चहावाला दोघांनाही मान डोलावतो. अर्ध्या तासाच्या फरकाने हा कार्यक्रम रोज होतो.

मालक एकदा यवतमाळला रोजगार मेळाव्यालाही गेले. परत आले ते एक पिशवी, एक पेन आणि एक बिल्ला घेऊन. बिल्ल्यावर 'उद्योजक' लिहिलं होतं. पाहुणे तीन तास उशिरा आले, भाषणं झाली, मालकांचा फोटो काढला गेला. टर्नर मात्र सगळे चाकणच्या बसची चौकशी करत होते.

तरी बोर्ड पाहून माणसं येत. दोन वर्षांत अकरा आली. अनुभव कोणालाच नव्हता. अनुभव असता तर ती इथे कशाला आली असती? मालक मात्र उदार झाले आणि म्हणाले, "चला, अनुभव नाई तर नाई. हात पाहू."

हात पाहायची त्यांची रीत ठरलेली होती. खिळ्याला एक बुश टांगलेला असे, म्हणजे जाड लोखंडी अंगठी समजा. उमेदवाराला एक दांडा द्यायचा आणि त्याची पंचवीस मिलीमीटरची पिन करायला सांगायची. पिन त्या बुशात अंगठ्याने ढकलून जायला हवी. मग बुश उलटा धरायचा. पिन आत टिकली तर माणूस टिकला. पिन पडली तर माणूस घरी.

अकराच्या अकरा पिना पडल्या. फरशीवर खण्ण असा आवाज व्हायचा. मालक दरवेळी तेच बोलायचे. "पातळ झाली. काढलेलं लोखंड लावता येते का पुन्हा?" उमेदवार मान खाली घालायचा. मालक त्याचा फोन नंबर पुढेमागे लागला तर म्हणून भिंतीवर लिहून ठेवत, पडलेली पिन एका पत्र्याच्या डब्यात टाकत आणि चहाला जात.

मित्रांनो, आता मला एक कबुली द्यायची आहे. ती द्यायला मी दोन वर्षं उशीर केला आहे.

माझ्या हँडलच्या मानेवर आकड्यांचं एक कडं आहे. हँडल जेवढं फिरवाल तेवढं हत्यार पुढे सरकतं, आणि किती सरकलं ते कडं सांगतं. ते कडं एका बारक्या स्क्रूने धरलेलं असतं. माझा तो स्क्रू केव्हाच झिजला होता. हँडल फिरे, कडं थोडं मागे राही. कडं सांगे दोन घरं, हत्यार जाई तीन घरं. शिकून आलेला माणूस कड्यावर विश्वास ठेवी, आणि शेवटच्या कापात त्याची पिन पातळ होई.

मालकांना हे ठाऊक नव्हतं. खोटं नाही बोलत. त्यांनी कड्याकडे कधी पाहिलंच नाही. त्यांच्या हाताला इतकी वर्षं झाली होती, की हात फिरे आणि माप येई. कडं त्यांच्या लेखी शोभेचं होतं. आणि त्या अकरांनी का सांगितलं नाही? आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. उस्तादाच्या मशीनला नाव ठेवायचं नाही. परीक्षेच्या दिवशी तर मुळीच नाही. नाव ठेवलं की ती सबब ठरते. म्हणून कोणी बोललं नाही. त्यांनी आपल्या हातालाच नाव ठेवलं आणि घरी गेले.

या वर्षी पोळ्यानंतर जिनिंगचे मॅनेजर शंकरसिंग आले. सगळ्या जिनिंगचे शाफ्ट इतकी वर्षं आमच्याकडेच होत. ते माझ्याकडे पाहत मालकांना म्हणाले, "इकबालभाई, दसऱ्यापर्यंत माणूस उभा करा. नाई तर मले काम अमरावतीले न्यावं लागन. मशीन बंद राह्यली तर कापूस पडून राह्यते, आन् मालक माह्यावर खेकसते."

मालक म्हणाले, "माणूस भेटला पाहिजे ना."

"एवढे पोट्टे हिंडून राह्यले गावात."

"हिंडणारे भेटते. टर्नर नाई भेटत."

मालकांचा मुलगा अय्याज पुण्यात असतो. त्याने फोनवर एकच सल्ला दिला, मशीन विकून टाका. चारच दिवसांनी भंगारवाला आला. त्याने मला बोटांच्या पेरांनी टकटक वाजवून पाहिलं, जसं कलिंगड वाजवतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझं वजन नकोसं झालं.

मालकांच्या पत्नी जैनबबी चहा घेऊन आल्या. भिंतीवरचे नंबर पाहून म्हणाल्या, "ग्यारा जनों को भगा दिये. अब क्या आसमान से उतरेगा कोई?"

आसमानातून नाही, शेअर जीपमधून उतरली. गुरुवारची दुपार होती. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पाठीला बॅग. मालकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय तुटलं बाई? चक्कीचं आहे का?"

"काही नाई तुटलं काका. बोर्ड पाह्यला."

"कोणता बोर्ड?"

"टर्नर पाहिजे म्हणून लिहून आहे ना भाईर."

मालकांनी तिच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "भाऊ कुठी आहे?"

"भाऊ पाचवीत आहे. त्याले घेता का?"

त्या मुलीचं नाव समीक्षा. लाडखेडकडची. यवतमाळला टर्नरचा आयटीआय केलेला, वर्गात ती एकटीच मुलगी. आठ ठिकाणी जाऊन आली होती. "सात जनं म्हणले, अनुभव आण," ती म्हणाली. "आठवा म्हणला, फोन उचलायले बस. अनुभव कुठी भेटते काका? बाजाराच्या दिवशी येते का तो इकडं?"

"मग आता काय करून राह्यली?"

"सोमवारपासून कापडाच्या दुकानात जाणार आहे. साड्यांच्या घड्या घालायले. बाबांनी बोलून ठेवलं आहे." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे शेवटचं दुकान. नाई म्हणलं तर घड्या."

मालक नाहीच म्हणणार होते. मी त्यांना ओळखतो, त्यांचा डावा हात दाराकडे निघालाही होता. पण समीक्षाने तोवर बांगड्या काढून बॅगेत टाकल्या आणि वेणी कुर्त्याच्या आत खोचली. फिरत्या मशीनजवळ जायच्या आधी असं करायचं असतं. अकरापैकी दोघांनी शर्टाच्या बाह्यासुद्धा मुडपल्या नव्हत्या. मालकांचा हात थांबला. त्यांनी तिला दांडा दिला.

तिने सगळं बरोबर केलं. दांडा सरळ धरला, हत्यार मधोमध लावलं, थांबून थांबून मोजलं. शेवटच्या कापाआधी पुन्हा मोजलं, तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली आणि कड्यावर पाहून हँडल फिरवलं. मी आतून ओरडत होतो. आमचं ओरडणं म्हणजे पट्ट्याची घरघर, ती तर नेहमीचीच.

मालकांनी पिन बुशात घातली आणि उलटी केली. खण्ण.

"बारावी," मालक म्हणाले. रागाने नाही. दमलेला माणूस बोलतो तसं. त्यांनी पिन उचलली आणि डबा उघडला.

बाकीचे या क्षणी जात. समीक्षा गेली नाही. तिने डब्यात डोकावून विचारलं, "ह्या सगळ्या इथंच केल्या?"

"इथंच. अकरा जनं."

"मोजू का?"

"आता मोजून काय भेटते?"

पण तिने बॅगेतून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, काढली होती. एकेक पिन मोजून तिने माझ्या पाठीवर ओळीने मांडली. मालक चहाला जायचे थांबले. जैनबबी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटची पिन ठेवून समीक्षा म्हणाली, "काका, अकरा माणसं सारखी कशी चुकतीन?"

"म्हणजे?"

"सगळ्या पिना तेवढ्याच पातळ आहेत, केसाच्या फरकानं. आन् जाड एकही नाई. घाबरलेला माणूस जाड ठेवते काका. काढलेलं लोखंड लावता येत नाई हे त्याले शाळेत पहिल्या दिवशी सांगते. भेवानं थोडं जास्तच ठेवते तो. मग ह्या पातळ काहून झाल्या?"

मालकांचा आवाज चढला. "माह्या मशीनले नाव ठेवतं? तुह्या बापाच्या वयाची आहे ते!"

"नाव नाई ठेवून राह्यली. मोजून राह्यली."

तिने खडू घेतला आणि हँडलच्या मानेवर, कड्यावरून आडवी, एक सरळ रेघ ओढली. मग हत्यार दांड्याला टेकवलं आणि जोर लावून हँडल फिरवलं. थांबली. एका रेघेच्या दोन रेघा झाल्या होत्या. हँडलवरची पुढे गेली होती, कड्यावरची मागे राहिली होती.

मालकांनी खिशातून चष्मा काढला. त्यांनी चष्मा घालून माझ्याकडे शेवटचं केव्हा पाहिलं होतं मला आठवत नाही. त्यांनी स्वतः हँडल फिरवलं. मग पुन्हा रेघ ओढली, पुन्हा फिरवलं. असं चार वेळा केलं. मग ते स्टुलावर बसले आणि माझ्या पाठीवरच्या बारा पिनांकडे पाहत राहिले.

"बाप्पा," ते म्हणाले. आणि मग, "दोन वर्षं."

जैनबबी आत गेल्या आणि चहाचे दोन कप घेऊन आल्या. पहिला कप त्यांनी समीक्षाला दिला.

स्क्रू तुरीच्या दाण्याएवढा होता. तो बदलायला वीस मिनिटं लागली. समीक्षाने दुसरी पिन केली. मालकांनी ती बुशात घालून उलटी धरली, हलवली, माझ्या पाठीवर ठोकली. पिन पडली नाही. मालक म्हणाले, "सोमवारी घड्या नाई घालायच्या. उद्या नवाले ये." आणि मग, जरा वेळाने, "बाबांले फोन मी करतो."

शनिवारी शंकरसिंग शाफ्ट घेऊन आले. मशीनवर मुलगी पाहून त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी त्यांना स्टूल दिलं. ते दोन तास त्या स्टुलावर बसले. शाफ्ट झाला, त्यांनी तो मोजला, माणसांकडून गाडीत ठेवून घेतला. जाताना म्हणाले, "सोमवारी दोन पाठवतो." भंगारवाला त्यानंतर आमच्या गल्लीतून गेला, पण थांबला नाही.

इथे माझी गोष्ट संपायला हरकत नव्हती. मालक खूश, जिनिंग खूश, मी तेलपाणी करून बसलेलो. पण मालकांना झोप लागेना, असं जैनबबी समीक्षाला सांगताना मी ऐकलं.

रविवारी शेड बंद असते. मालक तरी आले. समीक्षालाही बोलावून घेतलं, कारण भिंतीवरचे नंबर त्यांना चष्मा लावूनही नीट वाचता येत नव्हते. तेलाचे हात लागून अर्धे पुसले होते. ती नंबर लावी आणि फोन स्पीकरवर ठेवून मालकांना देई.

"हॅलो, मी दारव्ह्याहून इकबाल मिस्त्री बोलून राह्यलो. लेथवाला. तू पिन केलती ना आपल्याकडे? ते पिन तुह्यानं पातळ नाई झाली बाप्पा. माही मशीन खोटी होती."

दोन नंबर बंद होते. एकाने विचारलं, मग आता पिन पुन्हा करून द्यायची का? एक पुण्यात घरोघरी पार्सल पोचवत होता, म्हणाला, "काका, लिफ्टमध्ये आहो, आवाज नाई येत," आणि मग आवाज आला नाही. एक पोलीस भरतीसाठी धावत होता, धावता धावता बोलला. एकाने चाकणला काम धरलं होतं, मशीनवरच, तो हसला आणि म्हणाला, "मले तेव्हाच वाटलं होतं काका. पण तुमाले कसं म्हणाव?" मालकांनी त्यावर "बरोबर आहे" एवढंच म्हटलं. दोघा-तिघांना ती पिन आठवतच नव्हती. मालकांना त्याचंच जास्त लागलं की काय, सांगता येत नाही.

शेवटचा नंबर अमर नावाच्या मुलाचा होता. तांड्यावरचा. मालकांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. पलीकडून फक्त शेळ्या ओरडल्याचं ऐकू आलं. समीक्षाने फोनकडे पाहिलं, कट झाला की काय म्हणून.

मग अमर म्हणाला, "काका, हे जे बोलले ना तुम्ही, ते माह्या बापाले सांगता का?"

"सांगतो ना. दे."

"थांबा. वावरात आहेत. फोन ठेवू नोका."

आम्ही थांबलो. फोनमधून चालण्याचा आवाज येत होता, कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीतून माणूस जातो तसा सळसळता. मालक उभे राहिले. फोनवर बोलायला उभं राहायची गरज नसते, पण ते उभे राहिले आणि टोपी नीट केली.

"हां, कोण?" पलीकडून जड आवाज आला. ते अमरचे वडील, सेवादास.

"सेवादासभाऊ, मी इकबाल मिस्त्री, दारव्हा. दोन वर्षांमांग तुमच्या पोराले मी नापास केलतं."

"हां. मालूम आहे. रोज आयकते तो माह्याकडून."

"त्याचा हात बरोबर होता भाऊ. माह्या मशीनचं माप खोटं होतं. मी पाह्यलं नाई. आता पाह्यलं."

सेवादासांनी फोन तोंडापासून दूर नेला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून आला. ते मुलाला विचारत होते, "जेवला का रे?"

फोन तिथेच कट झाला.

मित्रांनो, आमच्या वयाच्या मशीनने मुलांना उपदेश करायचा असतो, अशी पद्धत आहे. तेल वेळेवर घाला, धूळ पुसा वगैरे. ते घालाच. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी तुमच्या दारात काम मागायला येईल, आणि तुम्ही त्याला मोजाल. तेव्हा आधी आपलं कडं हलवून पाहा. ढिलं निघालं तर लाजू नका, त्यात एक बारका स्क्रू आणि वीस मिनिटं जातात. पण तोवर ज्यांना घरी पाठवलं असेल, त्यांचे नंबर भिंतीवर शोधा, आणि शक्य असेल तर त्यांच्या बापाशीही बोला.